कलावंत गेल्यावर त्याची पुस्तकं, गाणी आणि आवाज कोणाचा?

एखादा मोठा लेखक किंवा गायक गेला की दोन-तीन दिवस सगळीकडे त्याचेच फोटो, त्याच्याच ओळी, त्याचीच गाणी फिरत राहतात, आणि आपण जे पुढे पाठवतोय ते आता नेमकं कोणाच्या मालकीचं आहे हे कोणाच्या डोक्यातही येत नाही. विचारलंच कोणाला तर दोनपैकी एक उत्तर येतं. माणूस गेला ना, मग आता ते सगळ्यांचंच. नाहीतर मग, त्याच्या बायकामुलांचं असणार, दुसऱ्या कोणाचं? दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत, आणि त्या अर्धवटपणाचा फटका खूप लोकांना बसतो. घरच्यांना हक्काचे पैसे मिळत नाहीत, हौशी नाटक मंडळी ऐनवेळी अडकतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे चांगली पुस्तकं वर्षानुवर्षं दुकानात दिसत नाहीत. म्हणून हे सगळं जरा सुटं करून सांगतो. भारतातला कायदा धरून सांगतोय, बाहेरच्या देशांत आकडे वेगळे आहेत.

मुळातली गोष्ट अशी की आपल्याकडे कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे आणि त्यानुसार पुस्तक, कविता, नाटक, गाण्याचे शब्द, गाण्याची चाल, चित्र यांवरचा हक्क लेखक किंवा कलावंत जिवंत असेपर्यंत तर असतोच, पण तो गेल्यावर पुढे ६० वर्षं टिकतो. ही ६० वर्षं निधनाच्या दिवसापासून मोजत नाहीत, पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. सोपा हिशेब हवा असेल तर निधनाच्या सालात ६१ मिळवा, त्या सालच्या १ जानेवारीला ते लिखाण सगळ्यांसाठी मोकळं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लिखाण २०११ च्या १ जानेवारीला मोकळं झालं, आता कोणीही प्रकाशक कोणाची परवानगी न घेता 'श्यामची आई' छापू शकतो. मर्ढेकर १९५६ ला गेले, त्यांच्या कविता २०१७ पासून मोकळ्या. आचार्य अत्रे आणि अण्णाभाऊ साठे दोघंही १९६९ चे, जून आणि जुलै, म्हणजे दोघांचंही लिखाण २०३० च्या १ जानेवारीला एकाच दिवशी मोकळं होणार. कुसुमाग्रज १९९९ ला गेले म्हणजे २०६०. सुरेश भट २००३ म्हणजे २०६४. विजय तेंडुलकर २००८ म्हणजे २०६९.

आता एक गोष्ट बघा. गदिमा, सुधीर फडके (बाबूजी) आणि पु. ल. देशपांडे ही तिन्ही माणसं १९१९ साली जन्मली, २०१९ ला तिघांची जन्मशताब्दी एकत्र साजरी झाली. पण गदिमा १९७७ ला गेले, पु. ल. २००० ला आणि बाबूजी २००२ ला, त्यामुळे गदिमांचं लिखाण २०३८ ला मोकळं होणार, पुलंचं २०६१ ला आणि बाबूजींच्या चाली २०६३ ला. म्हणजे जो लवकर गेला त्याच्या घरच्यांचा हक्कही लवकर संपतो. मला हे नेहमी जरा लागतं, कारण अकाली गेलेल्या माणसाच्या मागे बहुतेक वेळा लहान मुलं असतात आणि पैशाची गरज त्यांनाच जास्त असते. कायद्याला मात्र निधनाचं साल तेवढं कळतं.

ही ६० वर्षं आली कुठून? आधी ५० होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ ला गेले, त्यांच्या साहित्याचे हक्क त्यांच्याच विश्वभारती विद्यापीठाकडे होते आणि ५० वर्षांच्या हिशेबाने ते १९९१ च्या शेवटी संपणार होते. ते संपू नयेत म्हणून खूप मागणी झाली आणि सरकारने अगदी शेवटच्या दिवसांत वटहुकूम काढून मुदत १० वर्षांनी वाढवली, पुढे १९९२ ला तसा कायदा झाला. म्हणजे एका कवीसाठी केलेली वाढ सगळ्या भारतातल्या सगळ्या लेखकांना लागू झाली. गांधीजींचं लिखाणही म्हणूनच १९९९ ऐवजी २००९ ला मोकळं झालं, आणि साने गुरुजींचं २००१ ऐवजी २०११ ला.

इथपर्यंत सोपं आहे. गुंता सुरू होतो तो एका कलाकृतीत दोन-चार माणसांचे हात असतात तिथे, आणि आपल्याकडची निम्मी कला तशीच आहे.

'गीतरामायण' घ्या. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत प्रसारित झालं, पुढे वर्षभर दर आठवड्याला एक, एकूण ५६ गीतं. शब्द गदिमांचे, चाल बाबूजींची. कायद्याच्या नजरेत शब्द आणि चाल या दोन वेगळ्या कृती आहेत, दोघांनी मिळून केलेली एक कृती नाही, कारण कोणाचं काय ते वेगळं काढता येतं. त्यामुळे २०३८ च्या जानेवारीत शब्द मोकळे होतील, कोणी ते पुस्तक छापेल, कोणी नवी चाल लावेल, चालेल. पण बाबूजींच्या चालीवर कार्यक्रम करायचा, रेकॉर्ड काढायची तर २०६३ पर्यंत परवानगी लागणारच. आणि तिसरा थर रेकॉर्डिंगचा. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळाच, तो गायकाच्या निधनावर नाही तर रेकॉर्ड बाजारात आली त्या सालावर चालतो, तिथून ६० वर्षं, आणि तो हक्क साधारणपणे ज्याने पैसे घालून रेकॉर्डिंग केलं त्या कंपनीचा. म्हणून जुन्या रेकॉर्डिंगचा हक्क संपलेला असू शकतो पण आतल्या शब्दांचा आणि चालीचा चालू असतो, आणि लोक नेमके इथेच फसतात. रेकॉर्ड ६० वर्षांहून जुनी आहे ना, मग टाका व्हिडिओला, असं म्हणतात आणि मग तक्रार येते.

सिनेमाचंही तसंच. सिनेमाचा हक्क प्रदर्शनाच्या सालापासून ६० वर्षं. अत्र्यांचा 'श्यामची आई' १९५३ चा, त्यामुळे सिनेमा म्हणून त्याची मुदत २०१३ अखेर संपली. मूळ पुस्तक साने गुरुजींचं, ते २०११ लाच मोकळं. पण त्यातलं अत्र्यांचं लेखन २०३० पर्यंत बांधलेलं आणि वसंत देसाईंचं संगीत, ते १९७५ ला गेले म्हणून, २०३६ पर्यंत. एकाच सिनेमात चार वेगळी घड्याळं चालू असतात म्हणा ना.

नाटकातलं उदाहरण तर माझं फार आवडतं आहे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले आणि 'एकच प्याला' त्यांच्या पश्चात, पुढच्याच महिन्यात, बडोद्याला गंधर्व मंडळीने रंगमंचावर आणलं. संवाद गडकऱ्यांचे पण पदं वि. सी. गुर्जरांची, कारण पदं लिहायला गडकरी उरलेच नाहीत. आता गुर्जर गडकऱ्यांनंतर कितीतरी वर्षं जगले, त्यामुळे गडकऱ्यांचा गद्य भाग केव्हाच मोकळा झालेला असतानाही पदांचा हिशेब गुर्जरांच्या निधनावर चालत राहिला. संगीत नाटक करणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावं, लेखकाचं नाव मुखपृष्ठावर एक असलं तरी पदं कोणाची आणि चाली कोणाच्या हे वेगळं विचारावं लागतं. आणि स्पर्धेसाठी नाटक बसवणाऱ्या मंडळींनो, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र मिळालं म्हणजे लेखकाची परवानगी मिळाली असं होत नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवंगत लेखकाच्या वारसांना पत्र लिहून परवानगी घ्यायची आणि प्रयोगामागे जे मानधन ठरेल ते पोचवायचं, मग प्रयोग तिकिटाचा असो की नसो, निदान विचारायचं तरी.

मरणोत्तर छापलेल्या लिखाणाला अजून एक वेगळा नियम आहे आणि त्यासाठी बहिणाबाईंपेक्षा मोठं उदाहरण मराठीत नाही. बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, ओव्या त्या काम करता करता रचायच्या आणि मुलगा सोपानदेव आणि त्याचे मावसभाऊ यांनी त्या ऐकून कागदावर उतरवून ठेवल्या होत्या. त्या गेल्यावर सोपानदेवांनी ते कागद अत्र्यांना दाखवले आणि १९५२ ला पुस्तक आलं. आता लेखकाच्या हयातीत जे प्रसिद्धच झालं नव्हतं त्याची ६० वर्षं निधनापासून नाही तर पहिल्या प्रकाशनापासून मोजतात. म्हणून बहिणाबाईंच्या पुस्तकाचा हिशेब १९५१ वरून नाही, १९५२ वरून, आणि ती गाणी २०१३ च्या जानेवारीपासून मोकळी. इथे फरक एकाच वर्षाचा पडला. पण एखाद्या लेखकाची वही निधनानंतर ३० वर्षांनी सापडली आणि मग छापली तर तिचा हक्क तिथून पुढे ६० वर्षं चालेल, त्याची बाकीची सगळी पुस्तकं मोकळी झाल्यावरही.

पत्रांचं असंच आहे. जी. ए. कुलकर्णी १९८७ ला गेले, त्यांची कितीतरी पत्रं नंतर पुस्तकरूपाने आली आणि मराठी वाचकाने ती डोक्यावर घेतली. पत्र ज्याला आलं त्याच्या मालकीचा फक्त कागद. तो ते जपेल, विकेल, फाडेलही. पण त्यातला मजकूर छापायचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यानंतर त्याच्या वारसांचा. घरात एखाद्या मोठ्या लेखकाचं पत्र असेल आणि ते फेसबुकवर टाकावंसं वाटत असेल तर हे माहीत असलेलं बरं. फोटोचंही लोकांना उलटंच वाटतं, फोटो नटाचा म्हणून हक्क नटाचा. नाही, तो साधारणपणे फोटो काढणाऱ्याचा.

आता अभिनेत्यांकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त अन्याय तिथे झालाय असं मला मनापासून वाटतं. टीव्हीवर रविवारी दुपारी लक्ष्मीकांत बेर्डे, निळू फुले यांचे सिनेमे लागतात, जाहिराती येतात, चॅनेल पैसे कमावतं, मग त्यातलं घरच्यांना काय मिळतं? जुन्या सिनेमांबाबत बहुतेक वेळा काहीच नाही. कारण सिनेमाचा मालक निर्माता. १९७० च्या दशकात देव आनंद यांनी एका निर्मात्याविरुद्ध दावा लावला होता, तेव्हा मुंबई हायकोर्टाने सांगितलं की नटाचा अभिनय ही कॉपीराइट कायद्याच्या अर्थाने 'कृती'च नाही. म्हणजे लिहिणाऱ्याला हक्क, चाल लावणाऱ्याला हक्क, पण ज्याचा चेहरा बघायला लोक थिएटरात जातात त्याला काही नाही. १९९४ च्या दुरुस्तीत पहिल्यांदा कलाकारांचे हक्क म्हणून वेगळी सोय झाली, आधी २५ वर्षं, मग १९९९ ला ती ५० वर्षं झाली, आणि ही ५० वर्षं कलाकाराच्या निधनापासून नाही तर तो कार्यक्रम सादर झाला तेव्हापासून. त्यातही सिनेमासाठी लेखी करार केला की बरेच हक्क निर्मात्याकडे जातात. त्यामुळे १९८०-९० मधल्या कलाकारांच्या कुटुंबांना या सगळ्याचा फारसा उपयोग झाला नाही.

दादा कोंडकेंचं वेगळेपण इथे दिसतं. ते फक्त नट नव्हते, 'सोंगाड्या'चे निर्मातेही तेच होते. त्यामुळे पडद्यावरचा माणूस आणि सिनेमाचा मालक एकच. १९७१ चा सिनेमा म्हणजे हक्क २०३१ अखेरपर्यंत, आणि दादांच्या मागे जे उरलं त्यात हे सिनेमे ही खरोखरची मालमत्ता होती. स्वतःचा सिनेमा स्वतः काढणं यात धाडस तर होतंच पण पुढच्या पिढीसाठी किती मोठा फरक पडतो ते बघा.

गीतकार-संगीतकारांची गोष्ट २०१२ नंतर बरीच सुधारली. त्याआधी १९७७ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल होता की सिनेमासाठी पैसे देऊन गाणं करून घेतलं की मालक निर्माता, वेगळा करार नसेल तर गीतकार-संगीतकाराला पुढे मागायला जागा नाही. मग काय व्हायचं, एकरकमी पैसे घ्यायचे, कागदावर सही करायची आणि ते गाणं पुढे ५० वर्षं वाजो, घरात एक पैसा नाही. २०१२ ला कायदा बदलला, त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत जीव तोडून बोलले होते. आता गीतकार आणि संगीतकार आपला रॉयल्टीचा हक्क सोडूनच देऊ शकत नाहीत, सही केली तरी तो सुटत नाही. थिएटरात सिनेमासोबत वाजतं ते सोडून बाकी रेडिओ, टीव्ही, स्टेज, मोबाइल, इंटरनेट, जिथे जिथे गाणं वाजेल तिथल्या रॉयल्टीत मालकाच्या बरोबरीने वाटा. हा हक्क देता येतो तो फक्त स्वतःच्या वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला. ही सोसायटी म्हणजे सदस्यांच्या वतीने रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था, आपल्याकडे आयपीआरएस, १९६९ पासूनची, तिथे दिवंगत सदस्याचे वारस नाव लावून घेऊ शकतात. गायकांसाठी २०१३ ला वेगळी संस्था निघाली, इसरा, तिच्या उभारणीत लतादीदीही होत्या. लतादीदी तर १९६० च्या दशकापासून गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून भांडत होत्या, त्यावरून त्यांचं आणि रफीसाहेबांचं बिनसलंही होतं. रफीसाहेब १९८० ला गेले आणि गायकांना कायद्याने काही मिळायला त्यानंतर १४ वर्षं जावी लागली.

वारस म्हणजे कोण, हाही प्रश्न लोक फार गृहीत धरतात. कॉपीराइट ही घर-जमिनीसारखीच मालमत्ता आहे, मृत्युपत्र केलं असेल तर ज्याला लिहून दिलं त्याची, मग तो नातेवाईक असो, संस्था असो की शिष्य असो. मृत्युपत्र नसेल तर ज्याच्या त्याच्या वारसा कायद्याप्रमाणे. हिंदू वारसा कायद्यात पुरुष गेला तर पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांचा सारखा हिस्सा, वडील त्या पहिल्या यादीत नाहीत. आणि बाई गेली तर? आधी मुलं आणि नवरा. तेही नसतील तर नवऱ्याचे वारस, आणि तिचे स्वतःचे आईवडील त्यांच्यानंतर. म्हणजे एखादी विधवा, मूल नसलेली लेखिका किंवा गायिका मृत्युपत्र न करता गेली तर आयुष्यभर तिने स्वतःच्या कष्टाने मिळवलेल्या पुस्तकांचे, गाण्यांचे हक्क तिच्या आईला नाही, दीर-नणंदांना जाऊ शकतात. हे वाचून धक्का बसतो पण कायदा असाच आहे. म्हणून बायकांनी तर मृत्युपत्र करायलाच हवं. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही करून केलेलं चालतं, नोंदणी सक्तीची नाही, आणि त्यात घर-दागिन्यांबरोबर 'माझ्या सर्व लेखनाचे, चालींचे, ध्वनिमुद्रणांचे हक्क' असं वेगळं लिहायचं.

वारसांच्या हातात येतो तो जुना करार, आणि तिथे बघायच्या दोन-तीन गोष्टी आहेत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरलेच नाहीत आणि करारात तसं काही वेगळं लिहिलेलं नसेल तर ते परत येतात. पण हे सगळं १९९४ च्या दुरुस्तीनंतरच्या करारांना, आधीच्या करारांना नाही, आणि आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या लेखकांचे करार आधीचेच. २०१२ ला अजून एक चांगली गोष्ट आली, करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं त्याचे हक्क त्या करारात नाव घेऊन लिहिले नसतील तर गेले असं धरत नाहीत. ऑडिओबुक, ईबुक, वेबसीरिज यांची बोलणी आता चालू आहेत तेव्हा वारसांनी सही करण्याआधी हा मुद्दा वकिलाला दाखवावाच.

पैशाशी संबंध नसलेलाही एक हक्क असतो आणि तो मला सगळ्यात जवळचा वाटतो. कायद्याच्या कलम ५७ मध्ये म्हटलंय की लेखकाने सगळे हक्क विकले तरी दोन गोष्टी त्याच्याचकडे राहतात, हे माझं आहे असं सांगायचा हक्क आणि माझ्या कामाची मोडतोड करून माझ्या नावाला बट्टा लावला तर ती थांबवायचा हक्क. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने काढून कोठारात टाकलं होतं, ते सरकारच्याच मालकीचं होतं, तरी २००५ ला दिल्ली हायकोर्टाने कलावंताच्या बाजूने निकाल दिला. हे दोन्ही हक्क लेखकानंतर त्याचे वारस चालवू शकतात, आणि २०१२ च्या दुरुस्तीत मोडतोडीविरुद्धच्या हक्कावरची कॉपीराइटच्या मुदतीची अटही काढून टाकली. पुस्तक मोकळं झालं म्हणजे कोणीही छापावं, पण मधली पानं गाळून, वाक्यं बदलून वर मूळ लेखकाचं नाव तसंच ठेवावं असा त्याचा अर्थ होत नाही. मोकळ्या झालेल्या पुस्तकांच्या काही स्वस्त आवृत्त्या बघितल्या की हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. मुद्रितशोधन नाही, प्रस्तावना उडवलेली, आणि वाचक बिचारा समजतो की लेखकाने असंच लिहिलं होतं.

नाव, चेहरा आणि आवाज यांचं काय? इथे कायदा अजून कच्चा आहे. सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांनी त्याच्या आयुष्यावरच्या एका सिनेमाविरुद्ध दिल्ली हायकोर्टात धाव घेतली होती. २०२३ ला कोर्टाने अंतरिम मनाई नाकारताना म्हटलं की खासगीपणाचा आणि व्यक्तिमत्त्वाचा हक्क त्या माणसाबरोबरच संपतो, तो वारसाने मिळत नाही. जयललिता यांच्यावरच्या सिनेमाच्या वेळी मद्रास हायकोर्टानेही २०२१ ला तसंच म्हटलं होतं. म्हणजे दिवंगत नटावर सिनेमा काढायला घरच्यांची परवानगी घ्यायची पद्धत आहे, पण ती घेतली नाही तर घरचे खासगीपणाच्या नावाने तो थांबवू शकतीलच असं नाही. बदनामीचं वेगळं. गेलेल्या माणसाबद्दल असं काही म्हटलं की तो जिवंत असता तर त्याची अब्रू गेली असती, आणि ते जवळच्यांचं मन दुखवायच्या हेतूनेच म्हटलं, तर तो गुन्हा आहे. जुन्या दंडविधानात होता, आताच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही आहे.

आणि आता एआय आलंय. २०२४ च्या 'लाल सलाम' या तमिळ सिनेमात ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचा आवाज एआयने तयार करून गाण्यात वापरला. शाहुल हमीद तर १९९७ ला गेलेले. रहमान यांनी कुटुंबांची परवानगी घेतली होती आणि मोबदलाही दिला होता. त्याच सुमाराला एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा आवाज एका तेलुगू सिनेमात असाच बनवून वापरल्यावरून त्यांच्या मुलाने नोटीस पाठवली, कारण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. दोन्ही ठिकाणी तंत्र तेच, फरक विचारण्याचा. कोर्टांनी जिवंत कलाकारांच्या आवाजाला अलीकडे चांगलं संरक्षण दिलंय पण गेलेल्यांच्या आवाजाचा हक्क नेमका कोणाकडे आणि किती वर्षं, हे आपल्या कायद्यात कुठेही स्पष्ट लिहिलेलं नाही. ते लवकर लिहिलं जायला हवं. बाबूजींचा किंवा लतादीदींचा आवाज कोणीतरी घरबसल्या बनवून जाहिरातीला लावतोय आणि घरच्यांना ते टीव्हीवर बघून कळतंय, असं होऊ नये.

आता ज्या गोष्टीसाठी एवढं सगळं सांगितलं तिच्याकडे येतो. ६० वर्षांची मुदत लेखकाच्या घरच्यांची सोय म्हणून आहे, पण मराठीत तिचा मोठा परिणाम वेगळाच दिसतो. दहा-बारा प्रसिद्ध नावं सोडली तर बाकीच्या लेखकांची पुस्तकं निधनानंतर हळूहळू छापायची थांबतात. पहिला प्रकाशक बंद झालेला असतो, करार सापडत नाही, मुलं परदेशात किंवा तीन शहरांत, नातवंडांना माहीतही नसतं की आपल्याकडे असा काही हक्क आहे. कोणी नवा प्रकाशक तयार झाला तर त्याने विचारायचं कोणाला? चार वारसांपैकी तिघं हो म्हणतात आणि चौथा फोन उचलत नाही, झालं, पुस्तक अडकलं. वारसाला पैसे नाहीत, वाचकाला पुस्तक नाही, आणि कुलूप मात्र पक्कं. यात कोणी वाईट माणूस असतो असंही नाही, बहुतेक वेळा फक्त कोणी लिहून ठेवलेलं नसतं.

कायद्यात यावर एक वाट आहे, कलम ३१क. लेखक हयात नसेल, अज्ञात असेल किंवा हक्कदार सापडत नसेल आणि कृती लोकांपर्यंत पोचत नसेल तर वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, मग अर्ज करून, ठरेल ती रॉयल्टी भरून छापायचा परवाना मिळवता येतो. आधी हे काम कॉपीराइट बोर्डाकडे होतं, २०२१ पासून ते कोर्टाकडे गेलं. पण ५०० प्रती काढणारा छोटा प्रकाशक एका कथासंग्रहासाठी कोर्टात जाणार आहे का?

तमिळनाडूने याला सरळ उत्तर शोधलं. तमिळ कवी सुब्रह्मण्य भारती १९२१ ला गेले, त्यांच्या साहित्याचे हक्क तिथल्या सरकारने १९४९ ला स्वतःकडे घेतले आणि नंतर सगळ्या लोकांसाठी मोकळे केले. पुढे तिथल्या सरकारांनी हेच चालू ठेवलं, वारसांना ठरावीक रक्कम द्यायची आणि लेखकाचं साहित्य मुदतीआधीच मोकळं करायचं, कल्की यांच्यासारख्या लोकप्रिय कादंबरीकाराचंही असंच झालं. घरच्यांना एकदा सन्मानाने पैसे मिळतात आणि पुस्तक गावोगावी पोचतं. महाराष्ट्रात साहित्य संस्था इतक्या, दरवर्षी संमेलन, मग असं आपल्याकडे का होऊ नये? निदान ज्यांचं एकही पुस्तक आज छापील मिळत नाही अशा लेखकांपासून सुरुवात करायला काय हरकत आहे?

तोवर जे आपल्या हातात आहे ते करावं. घरात कोणी लेखक, शाहीर, संगीतकार, नट असेल तर ते हयात असतानाच बसून एक वही करा, कुठलं पुस्तक कोणी छापलं, करार कुठे आहे, कुठलं गाणं कुठल्या कंपनीकडे, कुठल्या सोसायटीचे सदस्य आहेत. वारस जास्त असतील तर परवानगीच्या पत्रव्यवहारासाठी सगळ्यांनी मिळून एकाला लेखी अधिकार द्या, पैसे हवे तसे वाटून घ्या पण विचारायला दार एकच असू दे. यूट्यूब चॅनेल, ईमेल, फेसबुक यांचंही बघा. गुगलवर खातं ठरावीक महिने वापरलं गेलं नाही तर ते कोणाकडे जावं हे आधी नोंदवता येतं, फेसबुकवरही आपल्यानंतर पान सांभाळणारा माणूस नेमता येतो, त्याला आपले खासगी मेसेज मात्र वाचता येत नाहीत.

आणि वह्या, हस्तलिखितं, पत्रं वाचनालयाला किंवा विद्यापीठाला देणार असाल, जे खरंच द्यावं कारण माळ्यावर वाळवी लागते, तर एवढं लक्षात ठेवा की नुसते कागद दिल्याने छापायचा हक्क जात नाही. उलट मृत्युपत्रात अप्रकाशित हस्तलिखित कोणाला दिलं आणि बाकी काही लिहिलं नाही तर त्याबरोबर कॉपीराइटही गेला असं कायदा धरतो. म्हणून देणगीपत्र असो की मृत्युपत्र, त्यात एक वाक्य जास्तीचं लिहा, कागदांबरोबर छापायचा हक्कही दिला आहे की नाही, आणि दिला नसेल तर परवानगीसाठी कोणाला पत्र लिहायचं.